युरेनियमच्या गोळ्यात धोका कशाचा?

पुलगावचा दारूगोळा डेपो अन् भंडाऱ्याचा दारूगोळा कारखाना जवळ, म्हणून आपल्याकडे विदर्भात युरेनियमच्या गोळ्यांचा विषय निघाला की गाडी थेट अणुबॉम्बवर जाते. डिप्लिटेड युरेनियमच्या गोळ्यात अणुस्फोट नसतो. अणुबॉम्बला लागणारं युरेनियम-235 बरंचसं काढून घेतल्यावर उरलेला हा धातू शिशापेक्षा दीडपटीहून जड, म्हणून तो रणगाड्याचं चिलखत भेदतो. किरणोत्सार नैसर्गिक युरेनियमच्या साधारण 60 टक्के. विमानातल्या 30 मिमी तोफेच्या एका गोळीत असा सुमारे 300 ग्रॅमचा दांडका असतो. 1991 च्या आखाती युद्धात इराक-कुवेतमध्ये असा 300 टनांच्या आसपास माल पडला.

खरी गडबड आदळल्यावर होते. धातू पेटतो, त्याची बारीक काळी धूळ उडते. धुळीतून निघणारे अल्फा कण (एक प्रकारचा किरणोत्सार) कातडीवर अडतात, पण श्वासातून आत गेलेली, न विरघळणारी धूळ फुफ्फुसात वर्षानुवर्षं बसते. विरघळणारा भाग रक्तातून मूत्रपिंडात जातो अन् तिथल्या नलिका बिघडवतो. हा त्रास किरणांचा नव्हे, जड धातूच्या विषाचा, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

नेम चुकलेला दांडका मातीत घुसून गंजत राहतो. काही दशकांत तो पूर्ण विरघळू शकतो. बोस्नियात संयुक्त राष्ट्रांच्या पथकाला एका ठिकाणी भूजलातही हे युरेनियम सापडलं. वरून किरणोत्सार मोजायचं मीटर फिरवून पुरलेला तुकडा कळत नाही. किरण अडवायला वीतभर माती पुरते.

युद्धाच्या जागी बोटभर लांबीचा, विलक्षण जड, काळा, पिवळा चुरा सुटणारा तुकडा दिसला तर तो खिशात ठेवू नये. कातडीला चिकटून तासाला सुमारे 2 मिलीसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा बसते. गॅस कटरनं तोडणं तर सगळ्यात वाईट, कारण धूर नाकातच जातो. आपल्याकडच्या भंगारात भीती वेगळी, ती न फुटलेल्या दारूची. 2018 मध्ये पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना झालेल्या स्फोटात मजूर गेले.

लघवीत युरेनियम निघालं म्हणजे गोळ्याचंच, असंही नाही. ते थोडंफार सगळ्यांच्याच लघवीत असतं. फरक युरेनियम-238 आणि युरेनियम-235 या त्याच्या दोन प्रकारांच्या प्रमाणावरून कळतो: नैसर्गिकात सुमारे 138 ला एक, गोळ्यात जवळपास 500 ला एक. बोअरच्या पाण्यात ते खडकातूनही येतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे. पाणी उकळून ते जात नाही, उलट थोडं दाटतं. आरओनं जातं, मात्र आरओचं वाया जाणारं पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला घेऊ नये.