अर्ध्या इंचाची परवानगी

नेरूळच्या आमच्या रो-हाउसच्या मागे सहा बाय चार फुटांचं, दोन फूट खोल तळं आहे. बांधून आठ दिवसांत झालं, कुमुदिनी लावली, गप्पी मासे सोडले. एप्रिलच्या उन्हात पाणी उतरायला लागलं तेव्हा रोजची बादली सुरू झाली. गावाला गेलो की शेजारच्या काकूंकडे किल्ली. म्हणून ठरवलं, फ्लशच्या टाकीत असतो तसा बॉल कॉक लावायचा. पाणी उतरलं की गोळा खाली, नळ सुरू. भरलं की आपोआप बंद. काम दोन तासांचं.

पण आमची गच्चीवरची टाकी चार घरांत एक, आणि अर्ध्या इंचाचा पाइप जाणार सामायिक भिंतीवरून. म्हणजे सोसायटीची परवानगी आलीच.

पहिल्या खेपेला सेक्रेटरी म्हणाले, "मोरबे धरणाची पातळी पेपरात वाचता ना? तळी भरायची तर जेजुरीला जा." ऑफिसात सगळे हसले. दुसऱ्या खेपेला नकाशा मागितला, तीन प्रतींत. तिसऱ्या खेपेला अध्यक्ष बाहेरगावी. चौथ्या खेपेला डास निघाले. गप्पी अळ्या खातात, डास होतात ते उघड्या पडलेल्या टायरांत आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत, हे सांगून झालं. "लेखी द्या." दिलं.

मग मी तळ्यात पट्टी उभी केली. चोवीस तासांत पाच मिलिमीटर. एक चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तळं सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे दिवसाला अकरा लिटर. बादलीभरसुद्धा नाही. हा हिशेब घेऊन पाचव्यांदा गेलो आणि तिथेच माझी जीभ घसरली: "तुमची गाडी धुवायला याच्या दसपट जातं." खरं होतं, पण बोलायला नको होतं. पुढचे दोन आठवडे अर्ज हललाच नाही.

कमिटीतल्या एका निवृत्त इंजिनियरांची हरकत मात्र रास्त होती. नळाचं तोंड तळ्याच्या पाण्यात बुडालेलं असेल आणि टाकी रिकामी झाली, तर तळ्यातलं पाणी उलटं ओढलं जाऊन चार घरांच्या नळांत यायचं. तोंड कायम पाण्याच्या वर ठेवा, म्हणाले. हे तुम्हीही कराच.

तोवर जुगाड केला. वीस लिटरचा जार भरून, तोंड पाण्याच्या पातळीला टेकेल असा उलटा बांधला. कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यासारखा. पातळी उतरून तोंड उघडं पडलं की हवा आत, पाणी बाहेर. पावणेदोन दिवस निभावतं. जार सावलीत हवा. उन्हात आतली हवा फुगते आणि पाणी उगाच ढकलून देते. माझा पहिला जार हिशेबापेक्षा लवकर रिकामा झाला.

परवानगीचं पत्र आलं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. धो धो पाऊस, तळं काठावरून वाहतंय, आणि पत्रात अट: "पाणीकपातीच्या काळात जोडणी बंद ठेवावी." प्लंबर म्हणाला, "साहेब, आत्ता कशाला?" म्हटलं, लाव. त्याच दिवशी जादा पाणी जायला काठाखाली जाळीचा पाइपही बसवला, नाहीतर गप्पी गटारात.

एक राहिलंच. बॉल कॉक लावण्याआधी गळती तपासा, नंतर ती कळत नाही. तो बिचारा भरतच राहतो. भरलेली बादली तळ्याशेजारी ठेवा. तळं बादलीपेक्षा जास्त उतरलं तर कुठेतरी भेग आहे. आणि रोजच्या दहा-अकरा लिटरमधल्या क्लोरीनने मासे मरत नाहीत. अर्धं तळं एकदम भरायचं असेल तर मात्र क्लोरीन मारायचं औषध आधी घाला.

ऑक्टोबरच्या उन्हात गोळा पहिल्यांदा खाली आला. पण तळ्यातल्या कारंज्याच्या लाटांवर तो नाचायला लागला आणि नळ रात्रभर ठिबकत राहिला. चार इंची पाइपाचा तुकडा उभा करून, खाली भोकं पाडून गोळा त्यात ठेवला. आत पाणी स्थिर, पातळी तीच. त्याला परवानगी लागली नाही.