चलन वधारतं तेव्हा कारखानदाराच्या हाती काय उरतं

भोसरीतल्या एखाद्या सीएनसी शॉपचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा, हिशेब मांडू. टर्निंग केलेला स्टीलचा एक पार्ट अमेरिकेतल्या ग्राहकाला १० डॉलरला जातो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, प्रमाण मात्र बऱ्याच जणांना ओळखीचं वाटेल. डॉलर ८५ रुपये असताना ८५० रुपये येतात. त्यातून कच्चा माल ३८०, मजुरी १३०, वीज ६०, इन्सर्ट (धातू कापणारी पाती) आणि टूलिंग ५०, बाहेरून करून घेतलेलं हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग ७०, पॅकिंग व न्हावा शेवापर्यंतचं भाडं ४०, व्याज आणि वरखर्च ५०. झाले ७८०. नगामागे ७० रुपये सुटतात.

आता रुपया मजबूत होऊन डॉलर ८० वर आला. हातात ८०० येतात आणि खर्च तोच, त्यामुळे सुटतात २०. विनिमय दर हलला ६ टक्के आणि नफा गेला ७१ टक्के. पेपरात फक्त पहिला आकडा छापून येतो, म्हणून ‘पाच-सहा टक्क्यांनी काय बिघडतं’ असं सहज म्हटलं जातं. नफ्याची पट्टी मुळातच अरुंद असते आणि दरातला सगळा बदल तिच्यावरच येऊन पडतो.

यावर नेहमीचं उत्तर असं की चलन वधारलं तर आयातही स्वस्त होते. खरं आहे, पण कोणासाठी? वरच्या हिशेबात कच्चा माल, म्हणजे स्टीलचा बार, आयात केलेला असेल तर ३८० चे ३५८ होतील, इन्सर्टचे ५० चे ४७. पंचवीसेक रुपये वाचले, नफा ४५ वर थांबला. मजुरी, वीजबिल, जॉबवर्क, ट्रकभाडं यांतला एक रुपयाही डॉलरकडे बघून कमी होत नाही. म्हणजे मार बसतो तो देशात केलेल्या कामावर. जो बाहेरून किट आणून फक्त जुळणी करतो तो तगतो. जो कास्टिंगपासून फिनिशिंगपर्यंत सगळं इथे करून घेतो तो सर्वात आधी अडचणीत येतो. मग तोही कास्टिंग बाहेरून मागवू लागतो, आणि ज्या हीट ट्रीटमेंटवाल्याने आयुष्यात कधी डॉलरचं बिल फाडलं नाही त्याच्या भट्ट्या रिकाम्या राहतात. निर्यातीच्या आकडेवारीत हे नुकसान कुठे दिसत नाही. मला तेच सर्वात गंभीर वाटतं.

छोट्या अर्थव्यवस्थांत हे दुखणं जास्त तीव्र असतं. तिथल्या उत्पादकाला घरची बाजारपेठ पुरत नाही, त्यामुळे निर्यात ऐच्छिक नसते. जगाच्या बाजारात तो इतका लहान असतो की भाव ठरवणारा दुसराच कोणीतरी असतो. आणि देशाचं चलन कुठे जाणार हे त्याच्या कारखान्याच्या तब्येतीवर अजिबात अवलंबून नसतं.

न्यूझीलंडचं उदाहरण बघा. २००० च्या अखेरीस तिथला डॉलर ४० अमेरिकी सेंटच्याही खाली होता. २००८ च्या सुरुवातीला तो ८० सेंटच्या आसपास गेला. महागाई आवरण्यासाठी तिथल्या रिझर्व्ह बँकेने जुलै २००७ मध्ये व्याजदर ८.२५ टक्क्यांवर नेला होता. जपानमध्ये जवळजवळ फुकट मिळणारा पैसा या व्याजासाठी तिकडे धावला आणि चलन आणखी चढलं. जून २००७ मध्ये बँकेने स्वतः बाजारात उतरून आपलाच डॉलर विकला. १९८५ मध्ये चलन खुलं केल्यानंतर असं प्रथमच घडलं. दुधाच्या पावडरीला त्या काळात जगात चढा भाव मिळत होता, त्यामुळे डेअरीवाले तरले. वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर बनवणाऱ्यांना तो आधार नव्हता. एप्रिल २००८ मध्ये फिशर अँड पायकेल अप्लायन्सेसने ड्युनेडिनमधलं उत्पादन बंद करून परदेशी हलवायचं जाहीर केलं. महाग चलन हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. पुढच्या मार्चमध्ये न्यूझीलंडचा डॉलर ५० सेंटपर्यंत उतरला, पण गेलेला कारखाना त्यासोबत परत आला नाही.

असं का होतं, हे पुरवठादाराच्या मंजुरीची प्रक्रिया माहीत असलेल्याला सांगावं लागणार नाही. ग्राहक नवा सोर्स शोधतो तेव्हा नमुने, मोजमापाचे अहवाल, पीपॅप (पार्टला मंजुरी मिळवण्याची ठरावीक प्रक्रिया), चाचणीची बॅच, ऑडिट यात सहा महिने ते वर्ष जातं. एवढा खटाटोप केल्यावर दर पूर्ववत झाला म्हणून तो जुन्या पुरवठादाराकडे वळत नाही. डाय आणि फिक्स्चर एव्हाना दुसऱ्या देशात पोचलेली असतात.

स्वित्झर्लंडने दुसरी वाट धरली. सप्टेंबर २०११ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक असा दर बांधला, आणि १५ जानेवारी २०१५ रोजी एकाएकी सोडून दिला. त्याच दिवशी युरो एका फ्रँकच्या आसपास आला. मशिनरी बनवणाऱ्या कित्येक कंपन्यांनी त्याच पगारात आठवड्याचे तास वाढवले आणि सुटे भाग युरोपातून घ्यायचं प्रमाण वाढवलं. तिथे फॉरवर्डचीही, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच पक्का करणाऱ्या कराराचीही, साथ नव्हती. स्विस व्याजदर युरोच्या व्याजदरापेक्षा कमी असल्याने पुढच्या तारखेचा युरो विकायचा तर आजच्यापेक्षा कमी फ्रँक पदरात पडतात. आपल्याकडे उलट आहे: रुपयाचा व्याजदर जास्त असल्याने डॉलर पुढच्या तारखेला विकला की प्रीमियम मिळतो. ८५ च्या दरावर वर्षाला २ टक्के प्रीमियम धरला तर सहा महिन्यांच्या फॉरवर्डला साधारण ८५.८५. चाकण-भोसरीतले अनेक निर्यातदार हे पैसे न घेता सोडून देतात.

फॉरवर्ड लागतो कारण कोटेशन आणि पैसे यांत मोठं अंतर असतं. उत्पादनाला ४५ दिवस, समुद्रात महिना-दीड महिना, त्यावर ६० ते ९० दिवसांची उधारी. भाव आज ठरतो, डॉलर पाच-सहा महिन्यांनी येतो. पक्क्या ऑर्डरपैकी पुढच्या तीन महिन्यांचा ६०-७० टक्के भाग आणि त्यापुढच्या तीन महिन्यांचा ३०-४० टक्के कव्हर करावा, म्हणजे त्याचा दर आधीच बांधून घ्यावा. सगळा केला आणि ग्राहकाने डिलिव्हरी पुढे ढकलली, तर करार त्या दिवशीच्या दराने रद्द करावा किंवा फिरवावा लागतो आणि फरक खिशातून जातो. पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधी ऑर्डरवर मिळणारं कर्ज, डॉलरमध्ये घेतलं तर तेही कव्हरच होतं: कर्जाचे डॉलर आजच्या दराने रुपयांत येतात आणि निर्यातीच्या डॉलरनेच फिटतात. मात्र त्याच ऑर्डरवर पुन्हा फॉरवर्ड घेऊ नये. तेच डॉलर दोनदा विकल्यासारखं होतं. २००७ मध्ये डॉलर ४४ वरून ४० च्या खाली आला तेव्हा अनेकांनी ‘झीरो कॉस्ट’ म्हणून विकलेले गुंतागुंतीचे ऑप्शन (ठरलेल्या दराने चलन घेण्याचा वा विकण्याचा हक्क देणारे करार) घेतले, त्यात ऑप्शन विकणारे आपणच आहोत हे न समजता. २००८ मध्ये दर फिरले आणि धंद्यात कमावलेलं त्यात गेलं.

कितीही चांगलं कव्हर फक्त सहा महिने ते वर्षभराची सवड देतं. त्या सवडीत प्रत्येक पार्टचा तुटीचा दर, म्हणजे ज्याच्या खाली तोटा सुरू होतो तो डॉलरचा दर, काढून ठेवावा. वरच्या पार्टचा तो ७८ आहे. ज्यांचा ८२-८३ निघतो त्यांचं सायकल टाइम, रिजेक्शन आणि इन्सर्टचा खप आधी तपासावा. वार्षिक करारात दर ठरावीक पट्ट्याबाहेर, समजा ३ टक्क्यांच्या, गेला तर फरक दोघांनी निम्मा वाटून घ्यायचा असं कलम मागावं. ग्राहकाला दरवर्षी किंमत कमी करून हवी असते. हे कलम मागायची वेळ तीच. आणि नजर फक्त डॉलरवर ठेवू नये. रुपया डॉलरसमोर जागचा हलला नाही आणि चीनचा युआन घसरला, तरी तिथल्या निंगबोचा पुरवठादार त्याच ग्राहकाला आपल्याहून स्वस्त पडतो. आपल्या रिझर्व्ह बँकेचा ४० चलनांचा रीअर निर्देशांक, म्हणजे त्या चलनांसमोर महागाई धरून काढलेलं रुपयाचं मोल (२०१५-१६ ला १०० धरून), दर महिन्याच्या बुलेटिनमध्ये येतो. बातम्यांत रुपया घसरत असतानाच नोव्हेंबर २०२४ मध्ये हा निर्देशांक १०८ च्या वर होता, म्हणजे २०१५-१६ च्या तुलनेत, महागाई धरून, रुपया महागच होता.