शेपूट तुझी, डोकं माझं

दोनदाच पडायची मुभा असते, आणि ती चौघांत मिळून. 'मॉन्स्टर हंटर' या व्हिडिओ गेममधला मला सगळ्यात आवडणारा नियम हाच. एकाच माणसाने तीनदा मार खाल्ला तरी सगळ्यांचीच शिकार रद्द. बेशुद्ध पडलात की बोकेमंडळी धावत येतात, तुम्हाला हातगाडीवर घालतात आणि तळावर आणून अक्षरशः ओततात. आमच्यात त्याला 'गाडी आली' म्हणतात. पहिली गाडी आली की हसतो. दुसरी आली की बोलणं थांबतं, आणि जो तो आपल्यापेक्षा दुसऱ्याच्याच रक्ताच्या पट्टीकडे जास्त बघायला लागतो.

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे, कंबर. धाकटा भाऊ डब्लिनला गेला तेव्हा त्याचा पीएस४, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, माझ्याकडे राहिला. 'तायडे, विकू नकोस, हात लावून तर बघ' एवढंच म्हणाला होता. आता रविवारी रात्री दहाला, म्हणजे उन्हाळा असेल तर त्याच्याकडे साडेपाचला, आम्ही हेडफोन लावून बसतो. तिसरा त्याचा मित्र, मूळचा लातूरचा, म्हणून नाव लातूरकर. आम्ही कधी समोरासमोर भेटलेलो नाही. मला तो 'ताई, तुम्ही' म्हणतो आणि ऐन धुमश्चक्रीतही ते सोडत नाही. 'ताई, मागे सरा, मागे सरा, तो उडी मारतोय!' जीव वाचवतानाही अहो-जाहो.

आम्ही खेळतो तो 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड', २०१८चा, आणि त्याला २०१९मध्ये जोडलेली 'आइसबोर्न' ही पुरवणी. गोष्ट अगदी साधी. जंगलात, वाळवंटात, पोवळ्यांच्या पठारावर राक्षसी जनावरं आहेत. त्यातलं एक शोधायचं, मारायचं किंवा पकडायचं. वेळ साधारण पन्नास मिनिटं. मग त्याच्या खवल्यांचं, हाडांचं, शिंगांचं चिलखत आणि हत्यार करायचं आणि त्याहून मोठ्या जनावराच्या मागे लागायचं. कथानक आहे, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही. मी तर नाहीच.

मला अडकवलं ते एका नसलेल्या गोष्टीने. जनावराच्या डोक्यावर 'अजून किती जीव शिल्लक' अशी पट्टीच नाही. कुठवर आलंय ते त्याच्या अंगावरून ओळखायचं. दमलं की लाळ गळते, चिडलं की श्वास बदलतो, हालचालीतली उसंत संपते. आणि शेवटाकडे आलं की लंगडतं. हे लंगडणं ज्याने काढलंय त्याला माझा नमस्कार. एक पाय उचलून दुसरा घाईने टेकायचा, वजन टाळायचं, मान त्याच लयीत खाली जायची. दुखऱ्या पायाचा माणूस दारातून आत येताना मी हेच बघत असते. भावाच्या आधी मला कळतं. तो अजून तलवार उगारत असतो आणि मी म्हणते, 'थांब, ते घरी निघालं.' नकाशावर कवटीचं चिन्ह त्यानंतर उमटतं. घावांचे आकडे दिसतात, ते मी सेटिंगमध्ये जाऊन बंदच करून टाकलेत. आकडे असले की नजर आकड्यांवर जाते, जनावरावरून उडते.

दुसरं म्हणजे, इथे पात्राची लेव्हल वाढून ताकद वाढत नाही. हंटर रँक असते, पण ती म्हणजे कुठल्या शिकारीला जाता येईल याचा परवाना. बाकी बळ चिलखतातलं आणि तुमच्या हातातलं. भावाची सगळ्यात भारी ग्रेट सोर्ड मला दिली तरी मी दोन मिनिटांत गाडीवर असेन, कारण ती तलवार म्हणजे सगळा थांबायचा खेळ आहे: जनावर आत्ता आहे तिथे नाही, दोन क्षणांनी असेल तिथे वार पडायला हवा. एकूण चौदा प्रकारची हत्यारं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव इतका वेगळा की हत्यार बदललं की खेळच नवा शिकावा लागतो.

मी हंटिंग हॉर्न घेते. फार थोडे लोक घेतात ते. माणसापेक्षा मोठं वाद्य, आणि तेच जनावराच्या डोक्यात घालायचं. प्रत्येक फटक्याला एक सूर निघतो. डावा फटका, उजवा फटका, उलटा फटका, प्रत्येकाचा सूर वेगळा. सुरांचा ठरावीक क्रम जमला की एक चाल तयार होते, मग मोकळी जागा बघून ती वाजवायची. पहिली चाल फक्त स्वतःसाठी, त्याने पाय हलका होतो. बाकीच्या सगळ्यांसाठी: कुणाच्या फटक्यात जोर येतो, कुणाची जखम भरते, कुणाचे कान जनावराच्या आरोळीपासून वाचतात. प्रत्येक शिंगाचे सूर वेगळे, त्यामुळे निघण्याआधी कुठलं न्यायचं यावर चर्चा. म्हणजे मारामारी चालू असताना डोक्यात एक हिशेब वेगळाच चाललेला असतो: कुठली चाल संपत आली, कुठली पुन्हा धरायची, आणि त्यासाठी पुढचे तीन फटके कोणते. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात ना, तसं. शाहीर आमचा धाकटा. टाळ्या त्याला. पण झील ढिली पडली की त्याचाही आवाज बसतो, हे त्यालाही माहीत आहे आणि मी ते विसरू देत नाही.

एक शिकार जरा तपशिलात सांगते. वाइल्डस्पायर वेस्ट नावाचं वाळवंट आणि त्यात डायब्लोस. दोन वळलेली शिंगं, गदेसारखी शेपूट. एवढं मोठं धूड, पण खातं निवडुंग. (काळी डायब्लोस दिसली तर ती विणीच्या दिवसांतली मादी, आणि तिच्या हद्दीत शिरणाऱ्याची खैर नसते. असं बारकं बारकं बरंच पेरलेलं आहे.) हे जनावर वाळूत बुडी मारतं आणि तुमच्या पायाखालून वर येतं. बुडालेलं असताना जवळ कर्कश आवाज केला तर मात्र ते भांबावून अर्धं बाहेर अडकतं. तो आवाज काढायचे पॉड लातूरकराकडे. त्याच्या हातात लाइट बोगन, म्हणजे हलकी बंदूक, आणि त्यात जनावराला झोपवणाऱ्या गोळ्या.

आमची वाटणी ठरलेली. बोथट हत्याराने डोक्यावर मारत राहिलं की जनावराला घेरी येते, म्हणून डोकं माझं. शेपूट धारेनेच तुटते, म्हणून ती भावाची. लातूरकर लांबून पाय, पोट, जे मिळेल ते. ही वाटणी नुसत्या फायद्याची नाही, गरजेचीही आहे. एकाचा फटका दुसऱ्याला इजा करत नसला तरी तोल घालवतो. ग्रेट सोर्डचा खालून वर येणारा वार लागला तर माणूस सरळ हवेत जातो. मी वाजवायला उभी राहिले आणि शेजारून भावाने तलवार फिरवली की माझी चाल गेली, आणि मग पुढचे दोन मिनिट त्याच्या लहानपणापासूनच्या सगळ्या गुन्ह्यांची उजळणी.

त्या दिवशी डायब्लोस चिडलेला, तोंडातून काळा धूर, आणि आमच्या दोन गाड्या येऊन गेलेल्या. लातूरकराच्या गोळ्या लागू पडल्या आणि ते धूड डुलत डुलत वाळूत आडवं झालं. झोपलेल्या जनावराला बसणारा पहिला घाव दुप्पट लागतो. मग सगळे गप्प. त्या वेळी कुणीही काहीही मारायचं नाही. मी बाजूला होऊन जोर वाढवणारी चाल वाजवली, एकदा, लगेच पुन्हा. भाऊ शेपटीजवळ गेला आणि अंतर मोजायला लागला. त्याच्या तलवारीचा सगळ्यात मोठा वार दोन टप्प्यांत पडतो. आधी एक हलका, मग जड. हलका लागला तर जनावर त्यानेच उठणार आणि दुप्पट फायदा त्या चिल्लर घावावर वाया जाणार. म्हणून असं उभं राहायचं की पहिला हवेत जाईल आणि दुसराच नेमका बसेल. तो अर्धं पाऊल मागे आला. पुन्हा किंचित डावीकडे. लातूरकर कुजबुजला, 'ताई, श्वास पण घेऊ नका.' डब्लिन आणि सांगलीतलं अंतर विसरून मी खरंच धरला होता. वार बसला, शेपूट तुटून बाजूला पडली, आणि भाऊ जो काही ओरडला त्याने माझ्या बाजूच्या खोलीतली आई जागी झाली असेल असं वाटलं. हेडफोन आहेत हे मागाहून आठवलं.

तुटलेली शेपूट कोणाची? सगळ्यांची. ज्याने कापली त्याची नाही. प्रत्येकाने जाऊन आपापली सुरी चालवायची, प्रत्येकाला आपापला तुकडा मिळतो, एकाने घेतलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही. जनावर मेल्यावरही तसंच, साठ सेकंदांत ज्याने त्याने आपलं सोलून घ्यायचं. काय मिळेल ते नशीब. ज्या रत्नासाठी भाऊ रथालोस नावाच्या जनावराच्या मागे महिनोन्महिने होता ते मला बोलता बोलता मिळालं, पण मी ते त्याला देऊ शकत नाही, तशी सोयच नाही. नाही तेच बरं. वाटणीच नसल्यामुळे भाऊबंदकीला वावच ठेवलेला नाही. ज्यांनी हा नियम केला त्यांनी आमच्याकडचे सात-बारे बघितले असावेत अशी मला शंका आहे.

चौथी जागा आम्ही कधी कधी अनोळखी माणसासाठी सोडतो. मदत मागणारी एसओएस फ्लेअर आकाशात सोडली की जगातून कुणीही येऊ शकतं. एकदा जपानी अक्षरांत नाव असलेला एक जण आला. ढाल-तलवार घेतलेला. तो जवळजवळ लढलाच नाही. आमचं रक्त उतरलं की तो स्वतः औषध प्यायचा आणि अंगच्या कौशल्यामुळे ते आम्हा सगळ्यांना लागू पडायचं. घोटावर घोट. शिकार संपल्यावर त्याने एकदा वाकून नमस्कार केला आणि गेला. भाषा नाही, ओळख नाही, आणि तरी रात्रभर मी त्याच्याबद्दल बोलत होते.

जपानात हे वेड जुनं. कॅपकॉमने पहिला खेळ २००४मध्ये पीएस२वर काढला, तेव्हा हल्ला करायला कंट्रोलरची उजवी कांडी फिरवावी लागायची. पण खरा पेट घेतला तो पीएसपी या हातातल्या छोट्या यंत्रावर, कारण त्यावर एकत्र खेळायचं तर शेजारी बसावं लागे. स्टेशनं, कॅफे, शाळा सुटल्यावरचे कट्टे, चार डोकी चार पडद्यांवर वाकलेली. 'वर्ल्ड' जगभर दोन कोटींच्या वर खपला तो खूप नंतर.

सगळंच गोड नाही. 'वर्ल्ड'मध्ये कथेच्या शिकारींना एकत्र जायचं तर प्रत्येकाने आधी एकट्याने आत जाऊन चित्रफीत बघायची, मगच दुसऱ्याला दार उघडतं. चौघांनी खेळायच्या खेळात हा द्राविडी प्राणायाम कुणाच्या सुपीक डोक्यातून आला कोण जाणे. सुरुवातीला दोघे असलात तरी जनावर चौघांइतकं दणकट व्हायचं. ते 'आइसबोर्न'ने सुधारलं. आता आमच्याकडे लाइट गेली आणि मी बाहेर फेकले गेले तर जनावराचा जीव तेवढा कमी होतो. सांगलीकरांची एवढी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती.

आणि मारणं? लंगडत घरट्याकडे निघालेल्या, झोपून जखम भरू बघणाऱ्या जनावराच्या मागे चार हत्यारबंद माणसं, हे दृश्य मला सोसत नाही. दिवसा मी ज्यासाठी पैसे घेते त्याच्या बरोबर उलट. म्हणून माझा आग्रह असतो पकडण्याचा: विजेचा सापळा मांडायचा, आत आलं की गुंगीचे दोन बॉम्ब. शिकार पूर्ण धरली जाते, बक्षीसही मिळतं. भावाला शेपूट हवी असते तेव्हा मात्र ती तुटेपर्यंत थांबायचं, असा आमचा तह आहे. तेवढ्याने मी काही अहिंसावादी ठरत नाही, हे मलाही कळतं.

२०२५च्या फेब्रुवारीत 'मॉन्स्टर हंटर: वाइल्ड्स' आला. तो पीएस४वर चालत नाही. भावाने तिकडे घेतलाय, पण रविवारी तो आमच्यासाठी मागे येतो. आणि मध्यंतरी लातूरकराला रविवारची पाळी लागली तेव्हा त्याच्या जागी माझी भावजय बसायला लागली. तिला आधी फक्त बोका हवा होता. प्रत्येकाबरोबर एक शिकारी बोका असतो, त्याला टोपरं-झबलं घालता येतं. तिने तासभर त्याचेच कपडे बघितले. पण तीन माणसं झाली की बोके तळावरच राहतात हे कळल्यावर ती चिडली आणि रागाने तिने जे पहिलं हत्यार उचललं ते हातोडा. म्हणजे डोक्यावर आता दोघी. तिचा वर उडवणारा फटका मला लागतो, माझी चाल तुटते, आणि 'वन्सं, सॉरी हं' असं डब्लिनहून येतं.

सध्या आम्ही फॅटॅलिसच्या मागे आहोत. २०२०च्या ऑक्टोबरात आलेला, किल्ल्यावर उतरणारा काळा ड्रॅगन. पन्नास नाही, तीसच मिनिटं. त्याची आग एका झोतात चौघांना तळावर पाठवते, पण त्याचं डोकं दोनदा फोडलं की आगीचा जोर उतरतो. त्यामुळे हातोडा सोड असं भावजयीला सांगायचा माझा विचार मी तूर्त लांबणीवर टाकलाय. ती उजवीकडून, मी डावीकडून. भावाने शेपटीचं काय ते बघावं.