पिसानेल्लोच्या रीतीचं कांस्यपदक, कोकणात ओतताना

1438 साली बायझंटाइन सम्राट आठवा जॉन पॅलिओलोगस धर्मपरिषदेसाठी इटलीतल्या फेरारात आला आणि पिसानेल्लोने त्याचं पदक घडवलं. व्यास साधारण 10 सेंटीमीटर, एका बाजूला उंच टोपीतला चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा सम्राट. ओतीव व्यक्तिपदकांची परंपरा खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली. पिसानेल्लो मूळचा चित्रकार, आणि पदकावर सहीही 'चित्रकार पिसानोची कृती' अशीच करायचा. ते योग्यच होतं, कारण पदकाचा निकाल मेणातच लागतो.

पाटीच्या दगडाची किंवा लाकडाची गुळगुळीत चकती घेऊन तिच्यावर मेणाने चेहरा उठवायचा. दोन बाजूंना दोन चकत्या. कानामागची बट किंवा ओठाची कड आतल्या अंगाला वळली आणि खाली पोकळी राहिली, तर साचा उचलताना नेमका तिथे तुटतो. म्हणून प्रत्येक कड बाहेर उतरती ठेवायची. अक्षरं सुलटीच लिहायची. नाण्याच्या ठशावर उलटी कोरतात तसं इथे नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात नुसतं मधमाशीचं मेण लिबलिबीत होतं, त्यात थोडी राळ वितळवून घाला. मेणावर थेट वाळू ठोकली तर नाक चपटं होतं. आधी प्लास्टरचा ठसा घेऊन त्यातून कडक नमुना काढलेला बरा.

पुळणीवरची वाळू साच्याला अजिबात वापरू नका. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. कांशाच्या रसाने तो तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि गालावर टाचणीएवढी भोकं पडतात. शिवाय ती घट्ट बसत नाही. बारीक चाळलेली, चिकणमाती असलेली वाळू हवी. पावसाळ्यात साचा वरून सुका दिसतो, आत ओल धरून असतो. अशा साच्यात रस ओतला की वाफ होऊन तो उसळतो, आणि ओतणाऱ्याला भाजतं. साचा निदान 200 अंशांवर काही तास तापवल्याशिवाय मूस उचलू नये.

90 भाग तांबं, 10 भाग कथील. 10 सेंटीमीटर व्यासाचं, सरासरी साडेचार मिलीमीटर जाडीचं पदक 300 ग्रॅमच्या आसपास भरतं. रसाची वाट आणि वरचा साठा धरून दुप्पट धातू वितळवा. रस थंड पडला तर अक्षरं अर्धवट भरतात. निवताना कांसं दीडेक टक्का आकसतं, त्यामुळे तयार पदकावरून साचा घेऊन पुन्हा ओतलं की नक्कल दीड मिलीमीटरने लहान होते आणि केसांच्या रेषा बुजतात. जुन्या पदकांच्या पुढच्या नकला ओळखायची ही चांगली खूण आहे, म्हणून व्यास नेहमी कॅलिपरने मोजावा.

आता खाऱ्या हवेचं. चिंच-मीठ लावून पदक घासायची चूक करू नका. मिठातला क्लोराइड खाचांमध्ये राहतो, दमट हवेत तांब्याला आतून खात जातो आणि फिकट हिरवी पूड वर येते. हवेतली आर्द्रता 45 टक्क्यांच्या वर गेली की हा रोग वाढू लागतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती सहज 80च्या पुढे असते. पदक ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. हिरवी पूड दिसलीच तर ते पदक लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढा.