नव्या कापडाची अट

अमेरिकेत नेब्रास्कातल्या लांबलचक हिवाळ्यात इथल्या बायका काय करतात, असे बेळगावकडच्या आमच्या खानापूरहून फोन आला की कुणी ना कुणी विचारतेच. त्याचे एक उत्तर असे, की त्या क्विल्ट, म्हणजे इथल्या धाटणीच्या गोधड्या, शिवतात, आणि त्यातल्या कित्येकजणी एकेकट्या नव्हे, तर रीतसर संस्था स्थापून शिवतात. या संस्थेला गिल्ड म्हणतात. मी ज्या गिल्डची सभासद आहे तिच्यात आसपासच्या काउंटींमधल्या, म्हणजे इथल्या जिल्ह्यांमधल्या, बायका आणि काही पुरुषही आहेत. वार्षिक वर्गणी, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हा सारा कारभार आपल्याकडच्या सहकारी सोसायटीला मागे टाकील इतक्या काटेकोरपणे चालतो. सभा महिन्यातून एकदा चर्चच्या सभागृहात भरते. कामकाज उरकले की प्रत्येकजण आपले शिवणकाम उलगडून दाखवते, आणि खरे सांगायचे तर गर्दी त्यासाठीच असते.

क्विल्टचे थर तीन असतात: वर तुकडे जोडून केलेला नक्षीदार दर्शनी भाग, मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, खाली अस्तर. तुकडे जोडताना शिवणीसाठी पाव इंच कापड सोडायचे, आणि ते पाव इंचच असले पाहिजे. केसभर कमी-जास्त झाले तरी ती चूक प्रत्येक जोडाला वाढत जाते आणि शेवटी चौकोन एकमेकांना मिळत नाहीत. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये फिरत्या पात्याचे कटर काढले, तेव्हापासून कात्रीने एकेक तुकडा कापण्याचे श्रम बरेच वाचले. आपल्या वाकळेला असा मधला थर वेगळा लागत नाही. जुनी लुगडी, धोतरे, साड्या एकावर एक अंथरून काठाकडून आत धावदोरा घालत गेले, की वजन आणि ऊब त्यातूनच येते. नवरात्राआधी मलप्रभा नदीवर वाकळा धुवायला नेल्या, की भिजलेली वाकळ उचलायला दोघीजणी लागत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या वजनाची कल्पना असेल.

गिल्डचे निम्म्याहून अधिक शिवणकाम दान देण्यासाठी असते. प्रोजेक्ट लायनस ही संस्था १९९५ मध्ये कॅरन लाउक्स यांनी कोलोरॅडोत सुरू केली. आजारी किंवा आघातातून जाणाऱ्या मुलांना हाताने केलेली पांघरुणे द्यायची, एवढेच तिचे काम. क्विल्ट्स ऑफ व्हॅलर ही दुसरी संस्था २००३ मधली. कॅथरिन रॉबर्ट्स यांचा मुलगा तेव्हा इराकमध्ये तैनात होता, आणि युद्धाची झळ लागलेल्या सैनिकांना क्विल्ट देण्याची कल्पना त्यांना त्या काळात सुचली. दोन्हींसाठी आमच्या गिल्डमध्ये स्वतंत्र समित्या आहेत. शनिवारी सगळ्याजणी यंत्रे घेऊन जमतात, कुणी कापते, कुणी इस्त्री करते, कुणी जोडते, आणि संध्याकाळपर्यंत ज्याचे नावही कुणाला ठाऊक नाही अशा माणसासाठी बरेचसे पांघरूण तयार झालेले असते.

मुलांच्या पांघरुणांसाठी अट अशी, की कापड नवे हवे, धुता येणारे हवे, आणि त्याला धुराचा किंवा पाळीव प्राण्यांच्या केसांचा संसर्ग नको. मी ही यादी प्रथम वाचली तेव्हा चकित झाले. आपल्याकडे बाळाला पहिले दुपटे आजीच्या विरलेल्या लुगड्याचेच शिवतात, कारण वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सूत कोवळ्या त्वचेला टोचत नाही, आणि त्या लुगड्यात आजीचा सहवास असतो हे वेगळेच. ज्या जुनेपणामुळे आपण ते कापड निवडतो, त्याच जुनेपणामुळे इथे ते बाद ठरते. मात्र थोडा विचार केल्यावर मला ही अट पटली. आजीचे लुगडे कुठे नेसले गेले, कसे धुतले गेले, हे घराला ठाऊक असते. रुग्णालयातल्या परक्या मुलाच्या आईला ते कुणी सांगायचे? जिथे ओळख नाही तिथे नव्या कापडाची हमी द्यावी लागते.

ओळखीची ही उणीव गिल्ड दुसऱ्या वाटेने भरून काढते. प्रत्येक क्विल्टच्या मागच्या कोपऱ्यात कापडी लेबल लागलेच पाहिजे. सैनिकांच्या क्विल्टवर तर तुकडे कुणी जोडले, तिन्ही थर कुणी शिवले आणि कडेची पट्टी कुणी लावली, ही नावे स्वतंत्रपणे लिहितात. या आग्रहामागे मोठा अनुभव आहे. १९८१ मध्ये केंटकी राज्यात घरोघरच्या जुन्या क्विल्टांची नोंद करण्याचा प्रकल्प सुरू झाला, पुढे इतर राज्यांनीही तो उचलला, आणि लोकांनी ट्रंकांतून काढून आणलेल्या कित्येक अप्रतिम क्विल्टांपुढे शिवणारीचे नाव लिहायची जागा रिकामी ठेवावी लागली.

इथून जवळच लिंकन शहरात, विद्यापीठाच्या आश्रयाने १९९७ मध्ये सुरू झालेले आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय आहे. अशा संग्रहालयांत जुन्या कापडाला मानाचे स्थान मिळते, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या झिजलेल्या कपड्यांतून क्विल्ट शिवले. त्यांच्यातल्या मिझुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये दिवंगत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांचा जो क्विल्ट केला, तो आपल्याकडच्या कुठल्याही बाईला न सांगता समजेल.

मध्यंतरी गिल्डमध्ये ‘कवंदी’ शिकवणारी कार्यशाळा झाली. कवंदी म्हणजे खानापूरला लागून असलेल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायकांची वाकळ. कडेपासून सुरुवात करून, तुकड्याच्या कडा आत दुमडत, गोल फिरत मध्यापर्यंत यायचे आणि चारही कोपऱ्यांत घड्या घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावायची; त्यांच्यावाचून कवंदी पुरी झाली असे सिद्दी बायका मानत नाहीत. अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रेवल यांच्या मदतीने २००४ मध्ये या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, हे शिकवणाऱ्या बाईंनी प्रारंभीच सांगितले. माझ्या माहेरापासून थोड्याच अंतरावरची ही कला मी नेब्रास्कात पैसे भरून शिकले. आपल्या बाजारात सिद्दी बायका दिसतात, पण त्यांच्या शिवणाची चौकशी आपण सहसा करत नाही, हे मात्र मला खटकले.

आता गिल्डच्या प्रदर्शनात मी घरची वाकळ मांडणार आहे. तिथे प्रेक्षकांनी हात लावायचा नसतो. पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका कडा उलटून मागची बाजू दाखवतात, म्हणजे लेबल सगळ्यांना दिसणार. आमच्याकडे वाकळा शिवायला नंदगडहून एक बाई येत असत. त्यांचे नाव विचारायला मी फोन केला, तर आत्या, काकू आणि आई या तिघींनी तीन निरनिराळी नावे सांगितली, आणि प्रत्येकीला आपलेच खरे वाटते. नोंदणीच्या अर्जावर ‘अज्ञात’ असे लिहायला चिटणीसबाई तयार नाहीत. गाव लिहा, तिन्ही नावे लिहा आणि ती कुणी सांगितली तेही लिहा, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यामुळे लेबल वाकळेच्या मानाने जरा मोठेच झाले आहे. धुण्यात शाई टिकत नाही, म्हणून सारी अक्षरे दोऱ्याने भरते आहे. नंदगड भरून झाले, दुसरे नाव चालू आहे.