चुकलेले बेचाळीस

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या निकालाची पीडीएफ आदल्या संध्याकाळी पडली होती, त्यामुळे सदाशिव पेठेतल्या आमच्या समुपदेशन केंद्रात सकाळपासून मुलं येणार हे ठरलेलंच. सगळ्यात आधी आला तो परभणीकडचा, यादीत नाव नसलेला. रूमपार्टनरनं जवळजवळ ओढतच आणला होता. रात्रभर झोप नाही, मेसला गेलेला नाही. "मॅडम, आपली कुवतच नाही," एवढंच घोकत होता.

अशा वेळी मी आधी सरळ विचारते: जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतंय का? विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. तो म्हणाला, "तसं नाही. पण गावाकडं तोंड दाखवू वाटंना." तरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्याही फोनमध्ये सेव्ह करायला लावला. मग उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी मागितली.

प्रेरणादायी भाषणं मी देत नाही. शास्त्री रोडवर ती फुकट मिळतात आणि चहा संपेपर्यंत टिकतात. आम्ही अंतिम उत्तरतालिका उघडली. सामान्य अध्ययन, १०० प्रश्न, २०० गुण. यानं ९६ गोल रंगवलेले; ५४ बरोबर, ४२ चूक. चुकीला अर्धा गुण कापतात, म्हणजे १०८ मधून २१ गेले, उरले ८७.

"तुक्के किती मारलेस?"

हाच त्याचा सल होता. खुणा करत बसला. ३३ तुक्के, ६ लागले, २७ हुकले. १२ गुण आले, साडेतेरा गेले. ज्यासाठी रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या, त्यात नुकसान झालं होतं दीड गुणाचं!

मग राहिलेले १५ पाहिले. त्यातल्या आठ ठिकाणी प्रश्न होता "अयोग्य विधान ओळखा", आणि यानं योग्य विधान ओळखलं होतं. राज्यघटना, अर्थशास्त्र, सगळं पाठ असलेलं. एकेका प्रश्नाला अडीच गुणांचा फरक, म्हणजे वीस गुण. "शेजारचा भराभर पानं उलटत होता, मॅडम. मग मी पण..." त्या वीस गुणांनी कटऑफ गाठला असता का, हे मी मुद्दाम काढू दिलं नाही. हळहळायला नवीन कारण कशाला?

खुल्या गटाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. बाहेरून कुणी थांबवत नाही, म्हणून थांबायची तारीख मी आधीच लिहून घेते. बीएस्सी अॅग्री झालेलं पोरगं. अजून दोन पूर्व आणि मग नोकरी, असं त्यानं स्वतःच लिहिलं.

मग घरी फोन, स्पीकरवर.

"तात्या, नंबर नाही लागला."

"कळलं रं. सोयाबीन काढणीला आलंय, माणसं भेटनात. यायलास का?"

"येतो."

रूमपार्टनर लगेच म्हणाला, "मग मेसवाल्या काकूंना आत्ताच खाडा सांग, नाहीतर पैसे कापतील."