घरात कुणाला काही त्रास नाही ना, असं विचारलं की आपण नाही म्हणतो

जनगणनेचं बोलणं परत सुरू झालंय. 2021 ला व्हायची ती कोविडमुळं राहिली, आता 2027 ला होणार, आणि पेपरात सगळी चर्चा जातींच्या मोजणीची. ती महत्त्वाची आहेच. पण मागच्या वेळी, 2011 ला, त्याच फॉर्मात नववा प्रश्न अपंगत्वाचा होता, त्याच्यावर कुणी बोलताना दिसत नाही आणि मला वाटतं आपल्या सोलापुरात सगळ्यात जास्त चुकीची उत्तरं ह्याच प्रश्नाला दिली जात असतील. मुद्दाम नाही, सवयीनं.

आकडे बघा. 2011 ला देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेले, म्हणजे 2.21 टक्के. महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार, 2.64 टक्के. आणि 2001 ला आपल्या राज्यात किती होते? 15 लाख 70 हजार. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट, आणि लोकसंख्या तेवढ्यात वाढली फक्त 16 टक्के. तिकडं तमिळनाडूत उलटं झालं, 16 लाख 42 हजाराचे 11 लाख 80 हजार झाले. आता महाराष्ट्रात काही अशी साथ आली नव्हती आणि तमिळनाडूत साडेचार लाख माणसं बरी पण झाली नव्हती. बदललं ते मोजणं. उदाहरण सांगते, 2001 ला कानाला मशीन लावून ज्याला ऐकू येतं तो अपंगात धरत नव्हते, 2011 ला धरायला लागले. एवढ्या एका ओळीनं किती माणसं आत येतात आणि किती बाहेर राहतात विचार करा.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात 130 कोटी माणसांना मोठं अपंगत्व आहे, 16 टक्के, म्हणजे सहा माणसांत एक. ऑस्ट्रेलियाच्या 2022 च्या सर्व्हेत 21.4 टक्के निघाले. आपण दोन टक्क्यांवर. आपल्याकडची माणसं काय त्यांच्यापेक्षा धडधाकट आहेत असं मला तरी वाटत नाही. दारात उभं राहून 'घरात कुणी अपंग आहे का' विचारलं की नाही असंच उत्तर येतं. पण चष्मा लावूनही बघायला त्रास होतो का, जिना चढायला त्रास होतो का, लक्षात ठेवायला, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः करायला, असं एकेक विचारलं आणि उत्तरात 'थोडा', 'खूप', 'अजिबात जमत नाही' अशी सोय ठेवली की लोक बोलायला लागतात. अपंगत्व कसं मोजायचं ह्यावर काम करणारा संयुक्त राष्ट्रांचा एक गट आहे, वॉशिंग्टन ग्रुप, त्यांचे सहा प्रश्न बऱ्याच देशांत वापरतात, ते साधारण असेच आहेत.

सोलापूर जिल्ह्याची 2011 ची लोकसंख्या 43 लाख 18 हजार. राज्याचं प्रमाण लावलं तर 1 लाख 14 हजार दिव्यांग होतात. जगाचं 16 टक्के लावलं तर 6 लाख 90 हजार. ह्या दोन आकड्यांच्या मधली जी पावणेसहा लाख माणसं आहेत ना ती मला आमच्या पूर्व भागात रोज दिसतात.

कापडाच्या लूमवर तीस-तीस वर्षं काढलेली माणसं बघा. एकेका शेडमध्ये दहा-वीस लूम एकदम चालू, खडखडाट इतका की शेजारच्या माणसाला ओरडून सांगायचं नाहीतर हातानं खुणा करायच्या. 85 डेसिबलच्या वर रोज आठ तास आवाज कानावर पडत राहिला की ऐकणं हळूहळू जातं आणि गेलेलं परत येत नाही. माझे आजोबा शेवटची कितीतरी वर्षं फक्त तोंडाकडं बघून बोलणं ओळखायचे. टीव्हीचा आवाज बंद असला तरी त्यांना फरक पडत नव्हता. पण घरात कुणी त्याला अपंगत्व म्हटलं नाही, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं म्हणायचे आणि विषय संपला. त्यांच्यासोबतचे सगळेच तसे होते मग कोण कुणाला सांगणार.

विडी वळणाऱ्या बायकांचं पण तेच. मांडीवर सूप, मान खाली, सकाळपासनं बसायचं, हजार विड्या झाल्या की मग विडी कारखान्याच्या ब्रँचला द्यायला जायचं. पन्नाशीला पोचेपर्यंत कंबर, गुडघे, मान, बोटं सगळं गेलेलं असतं. माझी मावशी आता जमिनीवर बसली की कुणीतरी हात दिल्याशिवाय उठत नाही. तिला पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली वयानं होतंय गं. तिचं वय तेव्हा चोपन्न होतं.

बायकांचं अजून एक. 2011 ला मोजलेल्यांत पुरुष दीड कोटी आणि बायका 1 कोटी 18 लाख. बायका जास्त जगतात, वय वाढेल तसं अपंगत्व वाढतं, ऐंशीच्या पुढच्यांत ते 8.4 टक्के निघालं होतं, मग बायका कमी कशा? माझ्या मते त्या मोजल्याच जात नाहीत. दारात उत्तर द्यायला बहुतेक घरातला पुरुष, आणि पोरगी लग्नाची असली की तिचं तर नावच काढायचं नाही, फिट येतात हे सोयरिकीत कळलं तर काय, ह्या भीतीनं औषधाचा डबा पण कपाटात मागं ठेवतात. ह्या पोरींच्या आईवर मला राग येत नाही, लोक खरंच तसं वागतात. पण त्यात ती पोरगी शाळेतनं, स्कॉलरशिपमधनं, सगळ्यातनं बाहेर राहते.

2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातचे एकवीस झाले. थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया, पार्किन्सन, ऑटिझम, शिकण्यातली अक्षमता, ॲसिड हल्ल्यातले पीडित, मानसिक आजार, हे सगळं त्यात येतं. किती जणांना माहितीय? अजूनही दिव्यांग म्हटलं की लोकांना पोलिओ झालेला पाय नाहीतर पांढरी काठी एवढंच डोळ्यासमोर येतं. पोलिओची शेवटची केस आपल्या देशात जानेवारी 2011 ची. आता नवीन माणसं येतायत ती पॅरालिसिसनं, शुगरमुळं पाय कापावा लागल्यानं, हायवेवर टू-व्हीलर घसरल्यानं.

आणि सर्टिफिकेट? 2018 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात दिव्यांगांपैकी फक्त 28.8 टक्के लोकांकडं ते होतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र निघतं, चाळीस टक्क्यांच्या आत पांढरं, चाळीस ते ऐंशी पिवळं, ऐंशी आणि पुढं निळं, आणि बहुतेक सवलती चाळीस टक्क्यांपासनं सुरू होतात. पण करमाळ्याकडच्या, सांगोल्याकडच्या एखाद्या वाडीवरनं चालता न येणाऱ्या माणसाला तपासणीला आणायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं, सोबत एक माणूस, आणि वर 'पुढच्या आठवड्यात या' ऐकायचं. म्हणून बरेच लोक त्या वाटेला जातच नाहीत आणि मग कागदावर ते नसतातच, आणि नसलेल्यांसाठी रॅम्प कशाला, ब्रेल कशाला, बजेट कशाला.

म्हणून मी आत्तापासनं आमच्या गल्लीत सांगायला लागलीय. ह्या वेळी मोबाईलवर स्वतः भरायची सोय असणार आहे, ज्यांना जमेल त्यांनी घरातल्या प्रत्येकाला शेजारी बसवून, विचारून विचारून भरा. ज्यांच्याकडं मोजणीवाले येतील त्यांनी दारातनं परस्पर उत्तर देऊ नका, आत बोलवा, आजीला विचारू द्या, सुनेला विचारू द्या. मावशीला सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली तू त्या दिवशी ये, माझं मी सांगते पण गुडघ्याचं नेमकं काय म्हणायचं ते तू सांग.